यंत्राच्या घरचे पाहुणे

पाहुणा हा शब्द आमच्या सोलापूर जिल्ह्यात फार ऐसपैस आहे. ज्याच्याशी सोयरीक जुळली तो पाहुणा, जुळण्याची आशा आहे तोही पाहुणा, आणि एस.टी.त शेजारी येऊन बसलेला पूर्ण अनोळखी गृहस्थसुद्धा "काय पाव्हणं, कुठलं गाव?" एवढ्या प्रश्नापुरता पाहुणाच. दिवाळीत तर घरोघर या शब्दाची वर्दळ वाढते. तेव्हा दिवाळी अंकात पाहुण्यांवर चार शब्द लिहिले तर संपादकांची हरकत नसावी. फरक एवढाच, की मी ज्या पाहुण्यांविषयी लिहिणार आहे ते फराळाला बसत नाहीत, त्यांना रुसवेफुगवे ठाऊक नाहीत, आणि एका वेळी तीनशे-तीनशे जण ते एकाच घरात उतरतात. मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकाच्या घरचे हे पाहुणे. हा अलंकार माझ्या पदरचा नाही. त्या विद्येतले लोक एका यंत्राच्या पोटात चालणाऱ्या कल्पित यंत्राला इंग्रजीत सरळ 'गेस्ट' म्हणतात आणि त्या सर्वांना सांभाळणाऱ्याला 'होस्ट'. म्हणजे पाहुणा आणि यजमानच की!

ही माहिती मला पुरवली माझ्या भाच्याने. थोरली बहीण दिवाळीला जेऊरला माहेरी येते, तिच्याबरोबर तोही येतो. पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत तो रात्रपाळी करतो. काम कसले, तर परदेशातल्या एका मेनफ्रेमची देखभाल. ज्या यंत्राची तो रात्ररात्र शुश्रूषा करतो ते त्याने आजवर डोळ्यांनी पाहिलेले नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट अगदी मुळापासून सांगावी लागली, आणि म्हणूनच ती मला इथे मुळापासून सांगता येते.

मेनफ्रेम हे एकच यंत्र, पण त्याच्या आत शेकडो यंत्रे नांदतात. प्रत्येकाला वाटते की सारा संगणक आपल्या एकट्याचाच आहे. हा भ्रम सांभाळण्याचे काम यजमानाकडे. या यजमानाचे घराणे जुने आहे. अमेरिकेत केंब्रिज येथे आय.बी.एम.च्या काही मंडळींनी १९६४ च्या सुमारास या कल्पनेवर काम सुरू केले, १९७२ साली तिला व्हीएम-३७० हे बाजारी रूप मिळाले, आणि आज तिचे नाव झेड-व्हीएम असे आहे. पाहुणे मात्र बदलत गेले. लिनक्स ही हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरव्हाल्ड्सने, १९९१ साली जगापुढे ठेवलेली प्रणाली. टेबलावरच्या लहान संगणकासाठी जन्मलेली. तिला मेनफ्रेमच्या वाड्यात आणणारा मजकूर आय.बी.एम.ने डिसेंबर १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी डेव्हिड बॉयेस नावाच्या गृहस्थाने एकाच यंत्रात ४१,४०० लिनक्स एकाच वेळी उतरवून दाखवले. हा आकडा ऐकून माझे वडील, जे आयुष्यभर आडत दुकानात दिवाणजी होते, एवढेच म्हणाले, "आरं पण एवढ्यांची पंगत वाढली कशी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पंगत वाढायची म्हणजे प्रत्येकाला डिस्क द्यायची. संगणकाला जे काही लक्षात ठेवायचे ते डिस्कवर लिहिलेले असते. पहिली डिस्क १९५६ साली आय.बी.एम.ने काढली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, कपाटाएवढे धूड, आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरे. आजच्या डिस्का कितीतरी पट पोटाच्या आहेत, पण तीनशे पाहुण्यांना तीनशे अख्ख्या डिस्का कोण देणार? म्हणून यजमान एका डिस्कचे तुकडे पाडतो. या तुकड्याला मिनिडिस्क म्हणतात. शेतीच्या गटाचे पोटहिस्से पडावेत तसे हे पोटहिस्से. मौज अशी की पोटहिस्स्याच्या धन्याला आपल्याकडे तुकडा आहे याची वार्ताच नसते. डिस्कवर लांबी मोजतात ती सिलिंडरांत. खऱ्या डिस्कवर ज्याचा हिस्सा हजाराव्या सिलिंडरापासून सुरू होतो, तो पाहुणा त्याला शून्यावे सिलिंडर म्हणतो आणि तिथून पुढे मोजतो. त्याने "माझ्या पाचव्या सिलिंडरावरचे दे" म्हटले की यजमान मनातल्या मनात एक हजार मिळवतो आणि एक हजार पाचव्यावरचे आणून देतो.

भाच्याने याच्याही पुढची गंमत सांगितली. यजमान जिला खरी डिस्क समजतो तीही आता खरी राहिलेली नाही. १९८९ साली ३३९० नावाची एक डिस्क निघाली होती. तिच्या एका सिलिंडरात १५ ट्रॅक, आणि एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट. तसली डिस्क आज कोणी घडवत नाही. पण सारे कार्यक्रम तिच्याच मापाने लिहिलेले, म्हणून आजची मोठी कपाटे आतल्या साध्या डिस्कांवर मजकूर विखरून ठेवतात आणि बाहेर ३३९० चे सोंग आणतात. १९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी लिहून दाखवले होते की अनेक स्वस्त डिस्कांची मोट बांधून, एक मेली तरी बाकीच्यांवरून तिचा मजकूर परत उभा करता येतो. ही कपाटे त्याच तत्त्वावर चालतात. म्हणजे पाहुण्याची डिस्क कल्पित, यजमानाची कल्पित, आणि सर्वांत तळाशी कुठेतरी गरगर फिरणारी किंवा नुसतीच निश्चल बसलेली एक खरी वस्तू. वेदान्ताच्या पुस्तकात मायेचे एवढे थर मला कुणी समजावून दिले असते तर बरे झाले असते!

आता या तळाच्या खऱ्या वस्तूला इजा होते तेव्हा काय होते, हा या लेखाचा खरा विषय.

इजा अनेक तऱ्हेच्या. किरकोळ इजा डिस्क स्वतःच भरून काढते. बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंगने १९५० साली अशी अंकरचना प्रसिद्ध केली, की चुकलेला अंक नुसता कळतच नाही, तर कोणता चुकला तेही कळते, आणि मग तो दुरुस्त करणे सोपे. यंत्र चूक पकडते आणि काम टाकून देते, याचा त्याला स्वतःला वारंवार मनस्ताप झाला होता. शनिवार-रविवारी लावून ठेवलेली गणिते सोमवारी अर्धवट पडलेली सापडत. त्या मनस्तापाचे फळ आज प्रत्येक डिस्कच्या पोटात आहे. पण काही इजा सुप्त असतात. तो मजकूर कुणी वाचायला जाईपर्यंत त्या कळतच नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५ लाख ३० हजार डिस्का ३२ महिने पाहिल्या होत्या, शेकडा ३.४५ डिस्कांवर अशा सुप्त इजा निघाल्या. म्हणून मोठी कपाटे सवड मिळेल तेव्हा आपला सारा मजकूर, कुणी मागितलेला नसतानाही, वाचून पाहत असतात. माझी बायको पावसाळा सरला की कणग्यातले धान्य गच्चीवर पसरून ऊन देते, पोरके किडे आत्ताच दिसावेत म्हणून. तिला ही रीत समजावून सांगावी लागली नाही.

जी इजा डिस्कला एकटीला निस्तरत नाही, ती वर कळवावी लागते. वाचायला गेलेला निरोप रिकाम्या हाताने परत येतो, आणि त्याबरोबर डिस्क ३२ बाइटांचा एक जबाब देते. त्याला 'सेन्स' म्हणतात. काय झाले, कुठे झाले, मजकूर गेला की वाट चुकली, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे की नाही, हे सारे त्या बत्तीस बाइटांत. पोलीस पाटलाच्या जबाबापेक्षा हा जबाब पुष्कळच नेमका असतो. लिनक्समध्ये या जबाबाचा अर्थ लावणारा एक भलामोठा भाग आहे. अमुक लिहून आले तर पुन्हा मागा. तमुक आले तर दुसऱ्या वाटेने मागा. आणखी काही आले तर जरा थांबून मागा. आणि शेवटच्या प्रकाराचे असेल तर मागू नका, धन्याला सांगा. पुन्हा मागण्यालाही मर्यादा आहे. मुळातला आकडा २५६.

पाहुण्यांत इथे दोन स्वभाव दिसतात. एक पाहुणा आडावर स्वतः पाणी शेंदायला जातो. दोर तुटला, घागर फुटली, तर त्याचा निस्तार त्यानेच करायचा. दुसरा यजमानाला नुसते "पाणी द्या" म्हणतो. या दुसऱ्या रीतीला डायग्नोज म्हणतात. तीत डिस्ककडे जाणे, अडखळणे, पुन्हा प्रयत्न करणे हे सारे यजमान करतो, आणि पाहुण्याला "मिळाले" किंवा "नाही मिळाले" एवढेच कळते. लिनक्सला दोन्ही रीती येतात. मला विचाराल तर दुसरा पाहुणा सुखी आणि पहिला शहाणा. पण हे कादंबरीकाराचे मत झाले.

आणि सर्व उपाय हरले तर? तर लिनक्समधली मजकुराची व्यवस्था, तिला तशी आज्ञा देऊन ठेवलेली असेल तर, लेखणी खाली ठेवते. जे आहे ते वाचू देते, पण नवे एक अक्षर लिहू देत नाही. जेऊरसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या पोराला याचे मर्म सांगावे लागत नाही. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर हात आपल्या भाराने 'थांबा'वर येई, 'जा'वर राहत नसे. गाडी खोळंबे, प्रवासी स्टेशनमास्तरच्या नावाने बोटे मोडत, पण सारे जिवंत असत.

पाहुणा चूक नोंदवतो ती आपल्या घराच्या पत्त्यावर. "माझ्या अमुक डिस्कच्या पाचव्या सिलिंडरावर खोट आहे." दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला या पत्त्याचा काडीचा उपयोग नाही, त्या नावाची डिस्क जगात अस्तित्वातच नाही. म्हणून सत्तरच्या दशकातल्या व्हीएम-३७० मध्येच एक सुंदर सोय केलेली होती. पाहुणा-प्रणाली आपली चूक लिहायला निघाली की यजमान तिला अर्ध्या वाटेत गाठे, तिच्या कागदावरचा कल्पित पत्ता खोडून खरा पत्ता घाली, आणि तो कागद आपल्या एकमेव नोंदवहीत चिकटवी. पाहुणे कितीही असोत, चुकांची वही एकच आणि तिच्यातले पत्ते खरे. आजही यजमान आपली वही ठेवतो.

अशा वहीचे मोल आपल्या देशाला एकदा वेगळ्याच प्रसंगाने कळले असावे. परकीय चलनाच्या १९७३ च्या कायद्याने भागभांडवलातला आपला वाटा उतरवण्याऐवजी आय.बी.एम.ने १९७८ साली भारत सोडला. कंपनी गेली, तिची यंत्रे इथेच राहिली. ती चालू ठेवण्याचे काम कम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीवर आले. यंत्राचा कर्ता पाठीशी नाही आणि यंत्र तर थांबता कामा नये, अशा वेळी यंत्र स्वतःविषयी जे लिहून ठेवते त्याच्यावाचून कारागिराला दुसरा आधार कोणता? आय.बी.एम. पुढे १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत परत आली. पण मधल्या चौदा वर्षांत इथल्या कारागिरांनी यंत्राचे जबाब वाचायची विद्या चांगलीच घोटली असणार.

माझ्या भाच्याची हकीकत याच वहीची आहे. त्याच्या कंपनीचे नाव मी लिहीत नाही, आणि ज्या संस्थेचे यंत्र आहे तिचे नाव त्याने मलाही सांगितलेले नाही. एवढे खरे, की त्या यंत्रातला एक पाहुणा महिनाअखेरीस हजारो म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचा हिशेब करतो.

गेल्या वर्षीच्या श्रावणात या यंत्रातल्या अकरा पाहुण्यांच्या रोजनिशीत अधूनमधून एकेक विचित्र ओळ येऊ लागली. डिस्ककडे निरोप गेला, अडखळला. पुन्हा पाठवला, मिळाला. तासाला दोन, कधी चार. अकरा पाहुण्यांची राखण करणारी माणसे वेगवेगळी, निरनिराळ्या गावची. प्रत्येकाने आपली ओळ वाचली, 'आपोआप बरे झाले' असा शेरा मारला आणि तक्रारीचा कागद बंद केला. यात कुणाचा आळस होता असे मी म्हणणार नाही. एकट्याच्या ओळीवरून दुसरे काही दिसण्यासारखे नव्हतेच. लिनक्सला अशा वाटेवरच्या अडखळी मोजता येतात, आणि एकाच वाटेवर पाच मिनिटांत २५६ झाल्या तर तो ती वाट आपणहून बंद करतो. पण इथे एकेका पाहुण्याच्या वाट्याला तासाला दोन-चारच येत होत्या. त्या मर्यादेच्या आसपासही कुणी पोचत नव्हता.

मग महिनाअखेर आली. पेन्शनच्या पाहुण्याचे दीड तासाचे काम पावणेतीन तास चालले. कधीकधी निरोपाचे उत्तर वाटेतच हरवे आणि पाहुणा ठरलेला वेळ संपेपर्यंत नुसता वाट पाहत बसे. आरडाओरड झाली. संबंधितांनी जबाब वाचले आणि निकाल दिला की डिस्क खराब. येत्या शनिवारी रात्री सारा मजकूर नव्या डिस्कवर न्यायचा आणि जुनी पुसून टाकायची, असे ठरले.

भाच्याची पाळी बुधवारची. त्याला वरून एवढेच काम होते की शनिवारच्या बेताचे कागद तयार ठेवायचे. रात्री दोनच्या सुमारास हाताला काम नव्हते म्हणून त्याने यजमानाची वही उघडली. सहा आठवड्यांच्या नोंदी. प्रत्येक नोंदीत वेळ, पाहुण्याचे नाव, खऱ्या डिस्कचा क्रमांक आणि डिस्कपर्यंत नेणाऱ्या वाटेचा क्रमांक. एका डिस्कला यजमानाकडून जास्तीत जास्त आठ वाटा असू शकतात. या कपाटालाही आठ होत्या. वही डिस्कच्या क्रमाने लावली तर काहीच दिसेना. सतरा निरनिराळ्या डिस्का, कुठे सहा नोंदी, कुठे चाळीस. तेव्हा त्याने तीच वही वाटेच्या क्रमाने लावून पाहिली.

"मामा," तो मला सांगत होता, "सगळ्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक येऊन बसल्या. एक ओळ इकडं नाही की तिकडं नाही. पाचवी वाट. बाकीच्या सातांवर एकसुद्धा नाही!"

वडील पानाचा डबा उघडून बसले होते. त्यांचे लक्ष आहे असे आम्हांला वाटलेही नव्हते. ते म्हणाले, "म्हंजी रोजकीर्दीची खतावणी केलीस म्हणायची."

भाच्याला हे शब्द नवीन. मग दिवाणजींनी शिकवणी घेतली. दुकानात व्यवहार जसा घडतो तसा त्याच क्रमाने ज्या वहीत उतरतो ती रोजकीर्द. सकाळी शेतकऱ्याची पट्टी, दुपारी हमाली, संध्याकाळी बारदान. त्या वहीवरून दुकान फायद्यात आहे की तोट्यात, हे ब्रह्मदेवालाही कळायचे नाही. तीच नोंद पुन्हा खातेवार मांडायची, ती खतावणी. "आन् खाती कुठली पाडायची," वडील म्हणाले, "त्यात दिवाणजीची अक्कल. आमच्या दुकानात एक साल तोलात घट यायला लागली. शेतकरीवार बघितलं, काय न्हाई. मालवार बघितलं, काय न्हाई. मग मी काटेवार खातं पाडलं. चार काट्यांतला एक काटा खोटा निघाला." एवढे बोलून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. लक्ष्मीपूजनाला ज्या वह्यांवर आपण हळदकुंकू वाहतो त्यांच्यात एवढी विद्या असते, हे दिवाळीत ऐकायला मिळावे हा योग चांगला.

पण वहीत दिसणे वेगळे आणि रात्री दोन वाजता ते कुणाला सांगणे वेगळे. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. भाचा नोकरीला लागून दीड वर्ष झालेला. निकाल देणारी माणसे वीस-वीस वर्षांच्या अनुभवाची. डिस्क खराब आहे असे त्यांनी लिहून दिलेले. शिवाय अशा कचेऱ्यांत एक अलिखित रीत असते, आणि ती शाळाखात्यातही मी पाहिली आहे, की चूक दाखवणारालाच पहिला प्रश्न, "तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाच्या भीतीने किती खऱ्या गोष्टी पाकिटात बंद राहतात याची मोजदाद नाही. भाचा म्हणाला की तासभर तो नुसता बसून होता. त्याला एक दिसत होते. मजकूर नव्या डिस्कवर जायचा तोही त्याच कपाटात, त्याच आठ वाटांनी. आणि जुनी, धडधाकट डिस्क तर पुसली जायची. नेताना कुठे काही बिघडले असते तर मागे वळून पाहायला जागा उरली नसती. प्रती इतरत्रही असतात म्हणा, पण त्यांवरून उभे करायला दिवस लागतात, आणि तोवर त्या म्हाताऱ्यांनी महिनाअखेरीला काय करायचे?

त्याची वरिष्ठ सातारकडच्या एक बाई आहेत. पहाटे तीनला त्याने त्यांना फोन केला. त्यांनी झोपेतल्या आवाजात एकच गोष्ट विचारली, "बाकीच्या सात वाटांवर शून्य? खात्री आहे?" त्याने पुन्हा मोजले. शून्य. बाई म्हणाल्या, "पाचवी बंद कर. मी येते लाइनवर." यजमानाला आज्ञा देऊन वाट बंद केली. पाहुण्यांना काही कळलेही नाही. निरोप उरलेल्या सात वाटांनी जाऊ लागले. सकाळपर्यंत अकरा जणांच्या रोजनिशीत एकही नवी ओळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिथल्या कारागिराने पाचव्या वाटेची तार उपसली. ही तार काचेची असते, तिच्यातून प्रकाश धावतो, आणि प्रकाशाचा मार्ग असतो अवघा नऊ मायक्रॉन रुंद. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. जोडाच्या तोंडावर धुळीचा कण बसला होता. मऊ कापडाने पुसला. शनिवारचा बेत रद्द झाला आणि त्या महिन्याचे पेन्शन दीड तासात निघाले.

आम्हां शाळामास्तरांना हजेरीपटात खाडाखोड करायची मुभा नसते. चुकून हजरच्या जागी गैरहजर पडले, तर ते खोडरबराने पुसायचे नाही. एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचे वाचता यावे. बाजूला दुरुस्त नोंद आणि तिच्यापाशी आपली छोटी सही. नवीन लागलेल्या शिक्षकांना हा नियम फार जाचतो. त्यांना पान सुबक हवे असते. मला मात्र अशा रेघा पुष्कळ उपयोगी पडल्या आहेत. एका वर्षी सातवीच्या हजेरीपटात सोमवारच्या घरांत जास्त रेघा दिसल्या, आणि सोमवारी कोण पोर उशिरा येते आणि का, याचा पत्ता लागला. ते रविवारी रात्री बापाबरोबर केळीच्या गाड्या भरायला जात होते. पान सुबक असते तर ते नुसते 'हजर' राहिले असते. लिनक्सने २५६ वेळा प्रयत्न करून मजकूर मिळवावा हे योग्यच आहे, पण त्याने मिळाल्यानंतरही ती अडखळ लिहून ठेवली, हे मला जास्त योग्य वाटते. आणि अकरांच्या रेघा एकाच वहीत होत्या म्हणून त्या सोमवारच्या घरांसारख्या एकाखाली एक येऊ शकल्या.

बहिणीला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस होता. तिने विचारले, "मग पगारात काय वाढ झाली का?" भाचा ओशाळून हसला. म्हणाला, एक मेल आली, 'गुड कॅच' असे दोन शब्द. वडिलांनी अर्थ विचारला. मी सांगितले, झेल चांगला घेतलास, असे म्हणतात. "झेल?" वडील म्हणाले, "अन् चेंडू टाकला कुणी हे नाही विचारलं?" त्यावर मामीने त्याच्या ताटलीत आणखी दोन करंज्या ठेवल्या, आणि त्या रात्रीपुरती बढती झाली.

यंदा गणपतीत तो दोन दिवसांसाठी येऊन गेला. मी विचारले तेव्हा कळले की त्याच्या सांगण्यावरून आता दर सोमवारी ती वही वाटेच्या क्रमाने लावून एक यादी निघते. ती अकराही जणांकडे जाते. त्यांतले किती जण उघडतात ते ठाऊक नाही, तो म्हणाला; यादी बहुतेक वेळा कोरीच असते. तो मात्र पाळी संपली तरी ती येईपर्यंत थांबतो, आणि पाहूनच खोलीवर जातो.